वेब अ‍ॅप थेट मेसेज ब्रोकरला जोडावं का? (आणि चारातलं एकच उत्तर परत येतंय)

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

आमचं एक वेब अ‍ॅप आहे. मागे स्प्रिंग, पुढे रिअ‍ॅक्ट. वापरकर्ता अर्ज भरतो, तो अर्ज कंपनीच्या जुन्या मेनफ्रेमकडे जातो, तिथून मंजूर-नामंजूर असं उत्तर येतं. मधे आहे आयबीएम एमक्यू, म्हणजे मेसेज ब्रोकर (प्रोग्रामांमधले मेसेज रांगांमधून इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर). एका रांगेत विनंती टाकायची, दुसऱ्या रांगेतून उत्तर उचलायचं. कागदावर अगदी सोपं. नव्या सेवांसाठी रॅबिटएमक्यू हा दुसरा ब्रोकर पण आहे, पण मेनफ्रेमचा रस्ता एमक्यूमधूनच.

सध्याची स्थिती अशी: 'सबमिट' दाबलं की आमचा कंट्रोलर (सर्व्हरवर वेब विनंती हाताळणारा कोड) विनंती टाकतो आणि तिथेच ३० सेकंद उत्तराची वाट बघत बसतो. चाचणीच्या सर्व्हरवर मस्त चाललं. तिथे मेनफ्रेमच्या जागी आम्हीच लिहिलेला एक खोटा प्रोग्राम उत्तरं देतो. प्री-प्रॉडक्शनला तोच खोटा प्रोग्राम, फक्त आमच्या अ‍ॅपचे चार इन्स्टन्स (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती). तिथे साधारण चारातल्या एकाच वापरकर्त्याला उत्तर दिसतं, बाकीचे ३० सेकंद गोल फिरणारं चक्र बघून शेवटी एरर खातात. लॉगमध्ये मात्र सगळी उत्तरं आलेली दिसतात!

यावर आमच्या टीम लीडचा तोडगा: कंट्रोलर मधून काढूनच टाका, ब्राउझरलाच वेबसॉकेटवरून (कायम उघडं राहणारं कनेक्शन) स्टॉम्प या मेसेजिंग प्रोटोकॉलने ब्रोकरशी जोडा, म्हणजे ज्याचं त्याला मिळेल. ऐकायला बरं वाटतंय, पण पोटात गोळा आलाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

जुना_खांब

पोटातला गोळा बरोबर सांगतोय. लीडना म्हणावं जरा थांबा.

ब्रोकर हा आतल्या लोकांसाठी बांधलेला असतो. मोजकी कनेक्शनं, ती दिवसेंदिवस टिकणारी, पलीकडचा क्लायंट ओळखीचा आणि बऱ्यापैकी शहाणा. ब्राउझरमध्ये यातलं काहीच नाही. टॅब उघडतो, मिटतो, लॅपटॉप झोपतो, नेटवर्क बदलतं. आणि ब्राउझरमध्ये ठेवलेला पासवर्ड म्हणजे दारावर चिकटवलेली किल्ली.

दुसरा मुद्दा परवानग्यांचा. ब्रोकरला 'या रांगेत लिहिता येईल, त्या रांगेतून वाचता येईल' एवढंच कळतं. 'या वापरकर्त्याने फक्त स्वतःच्या अर्जाचं उत्तर वाचावं' हे कळत नाही. ते तुमच्या अ‍ॅपच्या डोक्यात आहे. उत्तरांची रांग ब्राउझरला उघडी केली की एकाचं उत्तर दुसऱ्याने उचललं, असं होणारच. रांगेतून उचललेला मेसेज रांगेतून जातो हे विसरू नका, म्हणजे नुसतं डोकावणं नाही, चोरीच.

तिसरं, ब्रोकरचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवण्याबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हएमक्यू या ब्रोकरच्या ओपनवायर प्रोटोकॉलमधलं भोक बाहेर आलं, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४६६०४. गंभीरता १० पैकी १०. ज्याला ६१६१६ पोर्टपर्यंत पोचता येतं, त्याला लॉगिन न करता ब्रोकरच्या मशीनवर हवी ती कमांड चालवता येत होती. खंडणीवाल्यांनी लगेच वापरलं. ज्यांचे ब्रोकर आतल्या नेटवर्कमध्ये होते त्यांना पॅच लावायला निदान सवड मिळाली.

तेव्हा ब्राउझर ते अ‍ॅप एचटीटीपी, अ‍ॅप ते ब्रोकर एमक्यू. मधला कंट्रोलर काढू नका, त्याला वाट बघायला लावणं बंद करा. त्यावर सविस्तर रात्री लिहितो.

---

बिनतारी

जुना_खांब यांच्याशी निम्मा सहमत. आम्ही गेली काही वर्षं रॅबिटएमक्यूचं वेब स्टॉम्प प्लगइन वापरतोय, पोर्ट १५६७४, पुढे प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आणि टीएलएस (एन्क्रिप्शन). पण फक्त एकाच कामासाठी: थेट बदलणारे आकडे पडद्यावर दाखवायला. ब्राउझर फक्त ऐकतो. लिहायची परवानगी शून्य, आणि वाचायचं तेही सगळ्यांना दिसलं तरी चालेल असं. कोणाचा खाजगी मेसेज त्या वाटेने जात नाही. एवढं पथ्य पाळलं तर ते वाईट नाहीये.

दोन खड्डे आधीच सांगतो. एक, ब्राउझरची वेबसॉकेट उघडताना स्वतःचं हेडर लावता येत नाही, त्यामुळे टोकन एकतर पत्त्यात जातं (आणि प्रॉक्सीच्या लॉगमध्ये कायमचं राहतं) किंवा स्टॉम्पच्या पहिल्या कनेक्ट फ्रेममध्ये द्यावं लागतं. दुसरं द्या. दोन, एनजिनएक्स ही प्रॉक्सी पुढे असेल तर त्याचा रीड टाइमआउट मुळात ६० सेकंद असतो. मिनिटभर काही बोललं नाही की तो सॉकेट तोडतो. आमच्याकडे 'दर मिनिटाला बरोबर तुटतं, ब्रोकर खराब आहे' म्हणून दोन दिवस ब्रोकरवाल्यांना शिव्या घातल्या. स्टॉम्पचे हार्टबीट ('मी जिवंत आहे' सांगणारे ठोके) २० सेकंदांवर ठेवले आणि प्रकरण संपलं. ब्रोकरवाल्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

पण धागाकर्त्याच्या कामासाठी नको. अर्जाचं उत्तर ही खाजगी गोष्ट.

---

उलट_टपाली

लॉगमध्ये उत्तरं आली, वापरकर्त्याला चारातलं एक मिळालं, इन्स्टन्स चार. गणित तुमच्यासमोरच उभं आहे हो!

चारही इन्स्टन्स एकाच उत्तर-रांगेवर कान लावून बसलेत. विनंती पाठवली पहिल्याने, उत्तर उचललं तिसऱ्याने. तिसरा म्हणतो 'हा अर्ज माझ्याकडे कोणी मागितलाच नाही' आणि लॉग लिहून टाकून देतो. पहिला बिचारा ३० सेकंद बसतो. चाचणीत एकच इन्स्टन्स होता, म्हणून चुकायला जागाच नव्हती.

एमक्यूमध्ये रीत ठरलेली आहे. विनंतीला ब्रोकर २४ बाइटचा मेसेज आयडी देतो, उत्तर देणारा तोच आयडी उत्तराच्या कोरिलेशन आयडीत चिकटवतो. आता तीन वाटा आहेत. प्रत्येक विनंतीमागे सिलेक्टर (मेसेज निवडायची गाळणी) लावून 'या कोरिलेशन आयडीचंच दे' असं मागायचं. किंवा दर इन्स्टन्सला स्वतःची उत्तर-रांग द्यायची आणि रिप्लाय-टू मध्ये तिचं नाव पाठवायचं. दुसरी वाट वरवर छान दिसते, पण इन्स्टन्स मेला की त्याच्या रांगेत उत्तरं अनाथ पडून राहतात, आणि कंटेनर आपोआप वाढणारे-घटणारे असतील तर रोज नवी रांग कोण बनवणार?

तिसरी वाट मला पसंत आहे: कोणत्याही इन्स्टन्सने उत्तर उचलावं, कोरिलेशन आयडीवरून अर्ज शोधावा आणि डेटाबेसमध्ये निकाल लिहावा. वाट कोणीच बघत नाही. 'सबमिट'ला लगेच २०२ ('विनंती स्वीकारली, काम बाकी आहे' असा एचटीटीपी कोड) द्या, सोबत स्थितीचा पत्ता द्या, ब्राउझर दर दोन-तीन सेकंदांनी विचारेल किंवा एसएसईवर (सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकतर्फी येणारा प्रवाह) ऐकेल. मेनफ्रेम रात्री बॅचमध्ये अडकली आणि उत्तर २० मिनिटांनी आलं, तरी कोणाचं काही बिघडत नाही.

अवांतर: विनंतीला मुदत लावा. आणि लावताना एकक बघा. जेएमएसमध्ये (मेसेजिंगसाठीचा जावाचा एपीआय) मुदत मिलिसेकंदात असते, एमक्यूच्या मूळ एपीआयमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागात. एका सहकाऱ्याने पाच सेकंद म्हणून ५००० लिहिलं, ते झालं ५०० सेकंद. मग मेलेल्या विनंत्यांची उत्तरं आठ मिनिटं येत राहिली.

---

अर्धविराम

उलट_टपाली, दंडवत. सिलेक्टर लावून आत्ताच पाहिलं, चारही इन्स्टन्सवर शंभरपैकी शंभर उत्तरं. २०२ वाली वाट पुढच्या आठवड्यात घेतो, लीड तयार झाले आहेत. (त्यांना सीव्हीईची बातमी पाठवली. एका वाक्यात तयार झाले.)

---

कोरी_पाटी

भाबडा प्रश्न: हे सगळं काफ्कावर का नाही करत? आजकाल सगळे तेच वापरतात ना?

---

जुना_खांब

कारण पलीकडे मेनफ्रेम एमक्यू ऐकतेय, काफ्का नाही. ब्रोकर निवडायचा हक्क असता तर हा धागाच निघाला नसता.

शिवाय काफ्का ही रांग नाही, नोंदवही आहे. वाचणारा आपण कुठवर आलो ते ऑफसेटने लक्षात ठेवतो, नोंद तिथेच राहते. घटनांचा प्रवाह दहा जणांना वाचायचा असेल तर फारच छान. 'ही एक विनंती, हिचं एक उत्तर, हा मेसेज बिघडला तर बाजूला काढ' हे रांगेवर सोपं आणि काफ्कावर ओढूनताणून होतं.

---

अर्धविराम

पुढचा अंक. आज खऱ्या मेनफ्रेमला जोडलं. एकही उत्तर नाही. आमच्याकडून विनंती जातेय, रांगेची खोली वाढते आणि शून्यावर येते, म्हणजे पलीकडे कोणीतरी उचलतंय. पलीकडच्या गृहस्थांचं म्हणणं, 'तुमचा मेसेज कचरा आहे.' खूप विनवण्या केल्यावर त्यांनी पहिल्या काही बाइट्सचा डम्प (कच्चे बाइट, हेक्स आकड्यांत) पाठवला:

डी९ सी६ सी८ ४० ...

त्यांच्या मते पहिल्या आठ अक्षरांत व्यवहाराचा कोड पाहिजे. आम्ही तोच पाठवतोय, आमच्या लॉगमध्ये मजकूर अगदी बरोबर दिसतोय. डोकं चालेनासं झालंय.

---

तळघर

वा! अनेक वर्षांनी हे चार बाइट पाहिले, जुना शाळासोबती भेटल्यासारखं वाटलं.

एबसिडिकमध्ये (मेनफ्रेमची अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत) डी९ म्हणजे आर, सी६ म्हणजे एफ, सी८ म्हणजे एच, ४० म्हणजे मोकळी जागा. तुमच्या मजकुराच्या आधी 'आरएफएच' नावाचं हेडर बसलंय. ते तुम्ही नाही, एमक्यूच्या जेएमएस लायब्ररीने लावलंय. जेएमएसचे स्वतःचे गुणधर्म (मेसेज टेक्स्ट आहे की बाइट्स, कुठल्या रांगेसाठी, तुमची जादाची प्रॉपर्टी) एमक्यूच्या मूळ मेसेजमध्ये मावत नाहीत, म्हणून ती लायब्ररी ३६ बाइटचा ठरावीक भाग आणि त्यामागे एक्सएमएलसारखे तुकडे मजकुराच्या पुढ्यात जोडते. पलीकडेही जेएमएस असेल तर ते हेडर गुपचूप सोलून काढलं जातं. तुमचा खोटा प्रोग्राम जावाचा होता ना? म्हणून तुम्हाला दिसलंच नाही.

पलीकडे कोबोल (मेनफ्रेमवरची जुनी भाषा) आहे. त्याच्या कॉपीबुकमध्ये (मेसेजचे खण ठरवणारी फाइल) पहिलीच ओळ आठ अक्षरांचा कोड. तो पहिले आठ बाइट त्या खणात ओततो, 'आरएफएच' आणि पुढचा आवृत्ती क्रमांक बघतो आणि म्हणतो असला व्यवहार आमच्याकडे नाही. त्याची काहीच चूक नाही.

उपाय एका ओळीचा: रांगेच्या पत्त्याला टार्गेटक्लायंट=१ जोडा. म्हणजे 'पलीकडे जेएमएस नाही, हेडर लावू नकोस'. मेसेजचा फॉरमॅट एमक्यूएसटीआर होईल आणि नुसता मजकूर जाईल. हे मूल्य रांगेच्या जेएनडीआय नोंदीतही (कोडबाहेरची, नावावरून शोधायची जावाची नोंद) ठेवता येतं. मी तिथेच ठेवतो, म्हणजे नवा माणूस कोडमध्ये रांगेचं नाव हाताने लिहून घोळ घालत नाही.

फॉरमॅट एमक्यूएसटीआर असणं दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचं. तुमची बाजू यूटीएफ-८, त्यांची एबसिडिक. मेसेज उचलताना त्यांनी 'रूपांतर कर' असं सांगितलं असेल तर एमक्यू स्वतः अक्षरं बदलून देतं, पण फॉरमॅट टेक्स्ट आहे असं लिहिलेलं असेल तरच. बाइट्स मेसेज पाठवलात तर ते हातही लावणार नाही. अशा वेळी डम्पमध्ये ३० ते ३९ दिसले तर समजा की आपले अंक आस्की म्हणूनच पोचले, एबसिडिकमध्ये अंक एफ० ते एफ९ असतात. ही दोन ओळींची खूण मला एका वयस्कर ऑपरेटरने दाखवली होती, आजवर उपयोगी पडते.

---

बिनतारी

तळघर यांचा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

---

अर्धविराम

टार्गेटक्लायंट=१ टाकलं. पहिलं मंजुरीचं उत्तर ११ वाजून ४० मिनिटांनी आलं. ऑफिसात मी एकटाच ओरडलो, सगळे बघायला लागले.

पलीकडचे गृहस्थ: 'बघा, आम्ही म्हणतच होतो.'

---

जुना_खांब

अभिनंदन. आता कबूल केल्याप्रमाणे सविस्तर लिहितो, कारण तुमचं पुढचं दुखणं मला इथूनच दिसतंय.

२०२ वाल्या वाटेत तुम्ही दोन गोष्टी करणार: डेटाबेसमध्ये अर्ज 'पाठवला' म्हणून लिहिणार आणि एमक्यूमध्ये मेसेज टाकणार. या दोन वेगळ्या पेढ्या आहेत. आधी डेटाबेस कमिट केला आणि मेसेज टाकण्याआधी प्रोसेस मेली, तर अर्ज आयुष्यभर 'पाठवला' स्थितीत राहतो आणि पलीकडे कधी गेलेलाच नसतो. उलट केलं, मेसेज आधी टाकला आणि कमिट फसला, तर ज्या अर्जाचा मागमूस नाही त्याचं मंजुरीचं उत्तर दारात येऊन उभं राहतं. दोन्ही मी पाहिलंय. दुसरं जास्त लाजिरवाणं.

दोन्हींना एकाच व्यवहारात बांधायची जुनी रीत म्हणजे एक्सए, दोन टप्प्यांचा कमिट. एमक्यूला येतं, बहुतेक मोठ्या डेटाबेसना येतं. पण मधला समन्वयक अर्ध्यात कोसळला की व्यवहार 'ना घर का ना घाट का' अवस्थेत लटकतो, त्या ओळींवरची कुलुपं सुटत नाहीत, आणि ती सोडवणारा माणूस नेमका रजेवर असतो. मी टाळतो.

त्याऐवजी आउटबॉक्स. डेटाबेसमध्येच एक साधं टेबल, 'जावक'. अर्जाची ओळ आणि जावक टेबलमधली ओळ एकाच व्यवहारात लिहायची. दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. मग एक वेगळा कामगार जावकमधून ओळी उचलतो, एमक्यूत टाकतो, टाकल्याची पावती मिळाली की ओळीवर शिक्का मारतो. पोस्टग्रेस असेल तर ९.५ पासून स्किप लॉक्ड (दुसऱ्याने कुलूप लावलेल्या ओळी वगळणं) आहे, त्यामुळे दोन-तीन कामगार एकमेकांच्या पायात पाय न घालता काम करतात. फक्त मग क्रम राहत नाही हे मान्य करा. एका अर्जाचे मेसेज क्रमाने जायलाच हवे असतील तर एकच कामगार ठेवा.

इथे एक बारीक काटा आहे, तो बहुतेकांना टोचल्यावरच कळतो. काही जण 'शेवटचा पाठवलेला क्रमांक ५००, आता ५०० च्या पुढचे दे' असं लिहितात. पण क्रमांक मिळतो ओळ घालताना आणि ओळ दिसते कमिट झाल्यावर. ५०१ क्रमांक घेतलेला व्यवहार रेंगाळला, ५०२ आधी कमिट झाला, कामगाराने ५०२ पाठवून 'शेवटचा ५०२' लिहून ठेवलं. ५०१ कायमचा गेला. म्हणून क्रमांकावर विसंबू नका, 'शिक्का नसलेल्या ओळी दे' असंच विचारा.

आणि हो, कामगार मेसेज टाकून शिक्का मारायच्या आत मेला तर तोच मेसेज पुन्हा जाणार. याला इलाज नाही. पलीकडच्याने अर्ज क्रमांक बघून 'हा आधीच आला होता' असं ओळखलं पाहिजे. ती हमी त्यांच्याकडून लेखी घ्या. तुमच्या बाजूलाही उत्तर दोनदा येऊ शकतं असं धरूनच लिहा.

---

उलट_टपाली

'पावती मिळाली की' या तीन शब्दांत रॅबिटवाल्यांसाठी एक फसगत दडली आहे. पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरने द्यायची पावती) चालू केलं म्हणून निर्धास्त राहू नका. एक्सचेंजला (मेसेज रांगांमध्ये वाटणारा भाग) मेसेज मिळाला पण त्या राउटिंग कीला (मेसेजवरचा पत्ता) कोणतीच रांग जोडलेली नसेल, तर रॅबिट मेसेज टाकून देतं आणि पावती मात्र 'मिळाला' अशीच देतं! त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे, कुठे द्यायचा नव्हता, तो दिला नाही. मॅन्डेटरी हा झेंडा लावला तर मेसेज आधी परत येतो आणि मग पावती येते. राउटिंग कीमध्ये एक टिंब जास्त पडल्याने आमचे अख्ख्या दुपारचे मेसेज असे हवेत गेले. सगळे आलेख हिरवेगार.

---

साधा_सर्व्हर

मी पीएचपीवाला. आमच्यात दर एचटीटीपी विनंतीला प्रक्रिया जन्मते-मरते, त्यामुळे दर विनंतीला नवं कनेक्शन. ब्रोकरवाले ओरडतात. काय करावं?

---

जुना_खांब

ओरडणारच. एएमक्यूपीचं (रॅबिट बोलतं तो प्रोटोकॉल) एक कनेक्शन जुळवायला किमान सात टीसीपी पाकिटं इकडून तिकडे जातात, टीएलएस असेल तर आणखी. एक मेसेज टाकायचा आणि तोडायचं, म्हणजे मेसेजपेक्षा नमस्कार-चमत्कारच जास्त.

तुमच्यासाठी आउटबॉक्स दुहेरी फायद्याचं: पीएचपी फक्त डेटाबेसमध्ये लिहील, ब्रोकरशी बोलेल तो एकच दीर्घायुषी कामगार. ते शक्य नसेल तर मधे कनेक्शन सांभाळणारी प्रॉक्सी ठेवतात.

स्प्रिंगवाल्यांनी हसू नये. जेएमएसटेम्प्लेटला साधी कनेक्शन फॅक्टरी दिली तर तोही दर मेसेजला कनेक्शन, सेशन, प्रोड्यूसर उघडतो आणि मिटतो. कॅशिंग किंवा पूलवाली फॅक्टरी द्यायची असते. अर्धविराम, आजच तपासा.

---

अर्धविराम

तपासलं. साधीच होती. 😐 बदलली.

---

दुपारची_पाळी

मी ब्रोकर सांभाळणाऱ्यांपैकी. आमची बाजू कोणी मांडली नाही म्हणून दोन शब्द.

एक, एमक्यूकडून २०३५ हा कोड आला की लगेच फोन करू नका. ती परवानगी नाकारल्याची एरर आहे आणि क्लायंटला मुद्दाम तेवढंच सांगितलं जातं. खरं कारण क्यू मॅनेजरच्या (रांगा सांभाळणारा एमक्यूचा सर्व्हर) एरर लॉगमध्ये असतं. निम्म्या वेळा तुमचा अ‍ॅप एखाद्या प्रशासकीय खात्याने जोडायला बघत असतो, आणि ७.१ आवृत्तीपासून चॅनेलचे नियम मुळातच असल्या खात्यांना दूरवरून अडवतात. साधं, फक्त त्या दोन रांगांपुरतं खातं मागा, आनंदाने देऊ.

दोन, ब्रोकर तुम्हाला थांबवू शकतो हे गृहीत धरा. रॅबिटची मेमरी किंवा डिस्क मर्यादेला लागली की तो टाकणाऱ्या कनेक्शनना नुसतं अडवून धरतो. एरर नाही, काही नाही. तुमचा वेब थ्रेड पाठवायच्या ओळीवर उभा राहतो, मग दुसरा, मग दोनशे, आणि वेबसाइट पडते. मग मीटिंगमध्ये 'ब्रोकरमुळे साइट पडली'. अहो, पाठवायला टाइमआउट लावला असता तर फक्त पाठवणं अडलं असतं. टाकणारं आणि उचलणारं कनेक्शन वेगळं ठेवा, नाहीतर उचलणारेही त्याच दोरीला बांधले जातात आणि रांग रिकामी करायलाच कोणी उरत नाही.

तीन, बिघडलेला मेसेज. तुमचा कोड तो वाचताना कोसळतो, व्यवहार मागे फिरतो, मेसेज परत रांगेच्या तोंडाशी, पुन्हा तुमच्याकडे, पुन्हा कोसळतो. एका रात्रीत लाखो फेऱ्या. एमक्यूमध्ये रांगेवर बॅकआउट थ्रेशोल्ड आणि बॅकआउट रांगेचं नाव ठरवायची सोय आहे, पण क्यू मॅनेजर फक्त मोजतो, मेसेज हलवतो तो क्लायंट. जेएमएस लायब्ररी हे आपोआप करते. मूळ एपीआय वापरणाऱ्यांना स्वतः लिहावं लागतं आणि ते लिहीत नाहीत. रॅबिटच्या कोरम रांगांना (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या) ४.० पासून मुळातच २० वेळांची मर्यादा आहे. पण डेड लेटरची (बाद मेसेज बाजूला ठेवायची) व्यवस्था केली नसेल तर त्यानंतर मेसेज फेकला जातो, हेही बघा.

आणि फक्त रांगेची खोली मोजून अलार्म लावू नका. तीन मेसेज सहा तास पडून आहेत हे खोलीच्या आलेखात दिसतच नाही. सर्वात जुना मेसेज किती वेळ पडून आहे ते मोजा.

---

बिनतारी

दुपारची_पाळी, तुमच्याच जातकुळीतल्या कोणाची तरी माफी माझ्याकडे राहिली आहे. इथेच घ्या.

---

दुपारची_पाळी

पोचली. पावतीसकट.

---

कोरी_पाटी

आणखी एक भाबडा प्रश्न. रॅबिटपण एएमक्यूपी बोलतं, आयबीएम एमक्यूलापण एएमक्यूपी चॅनेल असतो म्हणे. मग रॅबिटचीच लायब्ररी एमक्यूला जोडली तर एकच कोड दोन्हीकडे चालेल?

---

तळघर

हा प्रश्न भाबडा नाहीये, इथे भलेभले अडखळतात. नाव एक, प्रोटोकॉल दोन. रॅबिटच्या नेहमीच्या लायब्ऱ्या ०-९-१ बोलतात. एमक्यूचा चॅनेल बोलतो १.०, जे २०१२ मध्ये ओएसिसचं आणि २०१४ मध्ये आयएसओचं मानक झालं. दोन्हींची रचनाच वेगळी आहे, ०-९-१ मधली एक्सचेंज, बाइंडिंग ही कल्पना १.० मध्ये नाहीच. जोडायला गेलात तर ओळखपरेडमध्येच तुटेल. रॅबिटने ४.० मध्ये १.० ला मूळ प्रोटोकॉलांत घेतलंय, तेव्हा १.० ची लायब्ररी दोन्हीकडे जोडली जाईल. पण पत्ते, परवानग्या, परत पाठवण्याचे नियम वेगळेच राहणार. जेएमएसबद्दलही तोच गैरसमज असतो. जेएमएस म्हणजे जावातले फंक्शनांचे करार, तारेवरून काय जातं याबद्दल ते काहीच बोलत नाही.

---

साधा_सर्व्हर

एमक्यूला आरईएसटीपण आहे ना? ९.१ मध्ये पाहिलं होतं. मग लायब्ररीच कशाला, साधी एचटीटीपी विनंती मारू.

---

तळघर

टाकायला ठीक, साधा मजकूर असेल तर. उचलायला मी वापरणार नाही. उचलणं म्हणजे डिलीट विनंती: मेसेज रांगेतून निघतो आणि उत्तरात तुमच्याकडे येतो. ते उत्तर वाटेत तुटलं तर मेसेज रांगेतही नाही आणि तुमच्याकडेही नाही. व्यवहार मागे फिरवायची सोय त्यात नाही. मंजुरीच्या उत्तरांशी असा जुगार नको.

---

अर्धविराम

तीन आठवड्यांनी हजर.

आउटबॉक्स लागला, २०२ लागला, उत्तरं डेटाबेसमधून एसएसईवर जातात. एकदा मेनफ्रेम ५० मिनिटं बंद होती, आमच्या पडद्यावर फक्त 'प्रक्रियेत' दिसत राहिलं, नंतर सगळी उत्तरं ओळीने आली. लीडनी मेलमध्ये 'आपण ठरवल्याप्रमाणे' असं लिहिलंय, ते सोडून देतो.

आता एक शेवटचं. अर्जदाराचं नाव देवनागरीत भरलं की पलीकडे नावाच्या जागी नुसती बदली चिन्हं दिसतात. एबसिडिकच्या त्यांच्या पानात ही अक्षरंच नाहीत हे समजलं. मग आम्ही 'रूपांतर करू नका, यूटीएफ-८ तसंच ठेवा' म्हणून बघितलं, तर नावाचा खण ३० बाइटचा आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे दहा चिन्हांत आडनावासकट नाव बसवा!

---

तळघर

पलीकडे देवनागरी पाठवूच नका. त्यांना नावाची गरज खरंच आहे का हे आधी विचारा. निर्णय बहुधा क्रमांकावरच होत असेल. मूळ नाव तुमच्या डेटाबेसमध्ये राहू द्या, त्यांना रोमन लिपीतलं द्या, उत्तर आलं की कोरिलेशन आयडीवरून जोडून घ्या.

---

अर्धविराम

विचारलं. 'नावाचा खण आम्ही वाचतच नाही, पण रिकामा आला तर प्रोग्राम पडतो.'

तीस मोकळ्या जागा पाठवल्या. पडला. आता एक्स हे अक्षर तीस वेळा पाठवतोय.